नेपाम डेथ या इंग्लिश बँडचा ‘स्कम’ हा अल्बम ऐकताना मला नुसता गोंगाट ऐकू येतो. तरीही त्याला एवढे मोठे स्थान का दिले जाते?

आपण लिहिले आहे की हा अल्बम तीन वेळा ऐकूनही गोंगाटापलीकडे काही हाती लागले नाही, आणि तरीही ग्राइंडकोरचा, म्हणजे पंक आणि मेटल यांच्या मिश्रणातून आलेल्या अतिवेगवान संगीताचा, विषय निघाला की जाणकार पहिले नाव त्याचेच घेतात. पहिल्यांदा ऐकताना माझीही हीच अवस्था झाली होती, आणि आजही मी त्याला निर्दोष कलाकृती म्हणणार नाही. ‘स्कम’ हा खरे तर एक अल्बम नव्हेच. दोन निरनिराळ्या संचांनी केलेली दोन ध्वनिमुद्रणे एका तबकडीच्या दोन बाजूंना बसवलेली आहेत. हे ध्यानात घेतले की त्यात काय ऐकायचे ते उमगू लागते, असा माझा अनुभव आहे.

पहिली बाजू ऑगस्ट १९८६ मध्ये बर्मिंगहॅमच्या रिच बिच स्टुडिओत, अत्यल्प खर्चात ध्वनिमुद्रित झाली. निक बुलेन गात होता आणि बासही वाजवत होता, गिटारवर जस्टिन ब्रॉडरिक होता आणि ड्रम्सवर मिक हॅरिस. हे ध्वनिमुद्रण दुसऱ्या एका बँडबरोबर एकाच तबकडीवर काढण्याचा बेत होता. तो फिसकटला, आणि पुढे हा संचही विस्कटला. मे १९८७ मध्ये त्याच स्टुडिओत दुसरी बाजू झाली तेव्हा जुन्यांपैकी एकटा हॅरिस उरला होता. गायक ली डोरियन, गिटारवादक बिल स्टीअर आणि बासवादक जिम व्हाइटली हे तिघेही नवे होते. नॉटिंगहॅमच्या डिग्बी पिअर्सनने आपल्या इअरेक रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीतर्फे दोन्ही भाग जोडून त्याच वर्षी तबकडी काढली. गाणी २८ आणि एकूण वेळ सुमारे ३३ मिनिटे.

आता वेगाविषयी, कारण गोंगाटाची तक्रार तिथूनच येते. या संगीतात ज्याला ब्लास्ट बीट म्हणतात त्यात स्नेअर या कडक आवाजाच्या छोट्या ड्रमवरचा हात आणि बास ड्रम या मोठ्या ड्रमवरचा पाय यांची आळीपाळी इतक्या झपाट्याने चालते की सुटे आघात मोजणे कानाला अशक्य होते आणि ठेक्याऐवजी एक सलग खरखरीत पडदा ऐकू येऊ लागतो. आपण तबल्याचे स्वतंत्र वादन ऐकत असाल तर रेल्यात बोल सुटे न राहता त्यांचा प्रवाह कसा होतो, हे आठवून पाहावे. तुलना मी इथेच थांबवतो, कारण रेल्यात प्रत्येक बोल स्वच्छ निघावा आणि आवर्तन पाळले जावे अशी अपेक्षा असते, तर हॅरिसला स्वच्छतेची फारशी फिकीर नव्हती. मात्र लय एका मर्यादेपलीकडे गेली की ती लय न राहता पोत बनते, हा अनुभव दोन्हीकडे सारखाच आहे. ‘स्कम’ ऐकताना ठेका धरू पाहणारा श्रोता हमखास थकतो. पोत बदलतो कुठे, तुटतो कुठे, हे ऐकणाऱ्याला वाट सापडते.

हा वेग नेपाम डेथने शोधून काढला, असे मात्र कोणी सांगितल्यास मान्य करू नये. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सचा सीज हा बँड १९८४ मध्येच जवळपास असे वाजवत होता आणि मिशिगनच्या रिपल्शननेही १९८६ पर्यंत हाच रस्ता धरला होता. हे संगीत इंग्लंडमध्ये पोहोचले ते हातोहाती फिरणाऱ्या कॅसेटींवरून. बर्मिंगहॅमच्या या मुलांनी त्याला डिस्चार्जसारख्या बँडच्या कडक पंकची आणि क्रास या पंक बँडच्या अराज्यवादी विचारांची जोड दिली; १९८४ मध्ये क्रासच्याच एका संकलनात नेपाम डेथचे गाणे आलेही होते. त्यामुळे इथला राग राक्षसांवर किंवा नरकावर नाही, तो बहुराष्ट्रीय कंपन्या, सत्ता आणि माणसाच्या मुकाट आज्ञाधारकपणावर आहे. थॅचर यांच्या काळात कारखाने बंद पडत चाललेल्या औद्योगिक शहरात तो कुठून आला असेल, हे वेगळे सांगायला नको.

‘यू सफर’ या गाण्याचा उल्लेख टाळता येत नाही. १.३१६ सेकंदांचे हे गाणे सर्वांत लहान ध्वनिमुद्रित गाणे म्हणून गिनेसच्या विक्रमांत नोंदले गेले, आणि बीबीसी रेडिओ १ वरचे निवेदक जॉन पील यांनी ते मोठ्या हौसेने वाजवले. सप्टेंबर १९८७ मध्ये पील यांच्या कार्यक्रमासाठी बँडचे खास ध्वनिमुद्रणही झाले, आणि जे संगीत एरवी पबच्या वरच्या खोलीतच राहिले असते ते राष्ट्रीय रेडिओवर पोहोचले. गाणे गमतीचे आहेच, पण त्याच्या प्रसिद्धीने अल्बमचे थोडे नुकसानही केले, असे मला वाटते. लोक विनोद ऐकतात आणि पुढे जातात.

‘स्कम’चे स्थान मला सर्वाधिक पटते ते त्यातून बाहेर पडलेल्या माणसांकडे पाहून. स्टीअरने कारकास या बँडमधून ग्राइंडकोर आणि डेथ मेटल हा गुरगुरत्या गायनाचा जड मेटल प्रकार यांची सांगड घातली. वेगाच्या या पाठशाळेतून निघालेले इतर मात्र चक्क संथ झाले: ब्रॉडरिकने गॉडफ्लेशमध्ये ड्रम मशीनवर जड, यंत्रासारखे संगीत उभे केले, डोरियनने कथीड्रलमध्ये विलंबित डूम मेटल गायले, आणि खुद्द हॅरिस पुढे स्कॉर्नमधून डब या रेगेतून निघालेल्या, बासप्रधान संगीताकडे वळला. ‘स्कम’वर वाजवणाऱ्यांपैकी आज नेपाम डेथमध्ये कोणीही नाही. दुसरीकडे ब्लास्ट बीट डेथ मेटल आणि ब्लॅक मेटलमध्ये इतका रुळला की आता त्याचे कोणाला नवल वाटत नाही, आणि म्हणूनच १९८७ मधला धक्का आज ऐकू येत नाही.

पुन्हा ऐकणार असाल तर एक सुचवतो. पहिल्या गाण्यापासून पहिलीच बाजू ऐका. ‘मल्टिनॅशनल कॉर्पोरेशन्स’ने अल्बम उघडतो तो वेगाने नव्हे, तर संथ गुरगुरीने, ‘सीज ऑफ पॉवर’ तर जवळपास चार मिनिटे चालते आणि त्यातली गिटारची आवर्तने सहज लक्षात राहतात. वेग येतो आणि ओसरतो, म्हणून तो जाणवतो. माझ्या मते रचना म्हणून हीच बाजू सरस आहे, जरी नंतरच्या बँडनी गिरवली ती दुसरी. त्या दुसऱ्या बाजूला लागताना गाण्यांचे शब्द समोर ठेवा आणि सोळाही गाणी मध्ये न थांबता ऐका. सुटी सुटी ऐकली तर ती खरोखरच गोंगाट वाटतात.