गावातले फायबर दहा दिवस बंद, पैसे मात्र पूर्ण महिन्याचे: तक्रार नेमकी कोणाकडे करावी?

आपण दिंडोरी तालुक्यातील एका गावातून विचारले आहे की, घरचे फायबर इंटरनेट महिन्यातून आठ-दहा दिवस बंद राहते, तरीही केबलवाला पूर्ण महिन्याचे पैसे घेतो, कनेक्शन बंद करतो म्हटल्यावर राउटरची अनामत द्यायला टाळाटाळ करतो. अशा वेळी तक्रार कुठे करावी, आणि ग्रामपंचायतीपर्यंत आलेल्या भारतनेट या सरकारी फायबर योजनेचा काही उपयोग होईल का? मी निफाड तालुक्यात सेवा केंद्र चालवतो. कांद्याचे पेमेंट, पीकविमा, सातबारा या कामांसाठी येणारी माणसे हीच तक्रार रोज घेऊन येतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी आपला करार कोणाशी आहे, हे पाहावे. गावात तारा ओढणारा, मोडेम बसवणारा आणि पैसे नेणारा माणूस हा बहुतेक वेळा केवळ स्थानिक फ्रँचायझी असतो. दूरसंचार विभागाचा परवाना वरच्या कंपनीकडे असतो आणि नियम बांधतात ते त्या परवानाधारक कंपनीला. आमच्याकडे एक शेतकरी वर्षभराच्या पावत्या घेऊन आले होते. पावत्या म्हणजे वहीतून फाडलेले कागद, त्यावर ‘नेट - 500’ एवढेच लिहिलेले. ना कंपनीचे नाव, ना ग्राहक क्रमांक, ना जीएसटी क्रमांक. फोनमध्ये पाहिले तर त्यांनी प्रत्येक वेळी 590 रुपये पाठवले होते, म्हणजे 18 टक्के कर वसूल झाला होता, पण कराचे बिल एकदाही मिळाले नव्हते, आणि यूपीआयवर पैसे गेले होते ते ऑपरेटरच्या वैयक्तिक खात्यावर. अशा कागदावर कोणतीही कंपनी ‘हे आमचे ग्राहकच नाहीत’ असे सहज म्हणू शकते. म्हणून आजच ऑपरेटरकडून आपला ग्राहक क्रमांक किंवा लॉगिन आयडी मागून घ्या, कंपनीच्या अ‍ॅपमध्ये स्वतः लॉगिन करून प्लॅनची मुदत व बिले उतरवून घ्या आणि पुढचा भरणा शक्यतो तिथूनच करा. ऑपरेटर थोडा नाराज होईल, कारण त्याची वसुलीची घडी बिघडते. ते चालवून घ्यावे.

दुसरी गोष्ट बिघाडाच्या नोंदीची. इंटरनेट बंद पडले की मोडेमवरचे दिवे पाहावेत. ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल पेटलेला किंवा लुकलुकत असेल, तर प्रकाशाचा सिग्नल आपल्या घरापर्यंत पोहोचतच नाही. बाहेर कुठेतरी तार तुटली आहे किंवा वरचे यंत्र बंद आहे. रस्त्याचे काम करणारा जेसीबी, खांबावरून घसरलेली तार, नाहीतर भारनियमनात उतरलेली ऑपरेटरची बॅटरी, ही आपल्याकडची नेहमीची कारणे. लाल दिवा नसून ‘पॉन’चा दिवा स्थिर हिरवा असेल, तर तार शाबूत आहे, दोष पुढच्या जाळ्यात, आपल्या राउटरमध्ये किंवा संपलेल्या प्लॅनमध्ये शोधावा. लाल दिव्याचा फोटो तारीख-वेळेसह काढून ठेवा. ऑपरेटरला केलेला फोन किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरचा ‘भाऊ, नेट बंद आहे’ हा निरोप तक्रार म्हणून मोजला जात नाही. कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर किंवा अ‍ॅपवर तक्रार नोंदवून डॉकेट क्रमांक (तक्रारीचा नोंद क्रमांक) घेतला, तरच बिघाड कोणत्या दिवशी सुरू झाला हे पुढे सिद्ध करता येते.

हा क्रमांक महत्त्वाचा ठरतो तो ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, 2024 च्या सेवा-गुणवत्ता नियमांमुळे, जे 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू झाले. त्यानुसार तारेवरच्या जोडणीतील बिघाड कंपनीकडून तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही, तर पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात सूट आणि प्रीपेड ग्राहकाला मुदतवाढ मिळायला हवी. ‘प्रीपेडला सूट नसते’ हे ठरलेले उत्तर त्यामुळे आता टिकत नाही. कनेक्शन बंद केल्यावर अनामत परत करण्याची मुदतही याच नियमांनी 60 दिवसांवरून 45 दिवसांवर आणली आहे. मात्र बंद करण्याची विनंती ई-मेलने किंवा अ‍ॅपवरून लेखी द्यावी आणि राउटर परत करताना त्याचा अनुक्रमांक लिहिलेली पोच घ्यावी. पोच न घेता दिलेला राउटर ‘जमा झालाच नाही’ असे नंतर ऐकावे लागते.

तक्रारीवर उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर मोठ्या कंपन्यांना 2012 च्या तक्रार निवारण नियमांप्रमाणे अपील प्राधिकरण ठेवावेच लागते. तिथे डॉकेट क्रमांक देऊन 30 दिवसांत विनाशुल्क अपील करता येते आणि त्याचा निकाल 39 दिवसांत अपेक्षित असतो. ट्रायला थेट पत्र लिहिण्यात वेळ घालवू नका, ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. त्याऐवजी केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर दूरसंचार विभागाच्या नावे अर्ज करावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वरही नोंद घेतात.

याने भागले नाही तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. दूरसंचाराच्या तक्रारी ग्राहक न्यायालयात चालतच नाहीत, असे अजूनही काही जण सांगतात. 2009 च्या एका निकालामुळे तो समज पसरला होता. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात ग्राहक आयोगांना हा अधिकार असल्याचे स्पष्ट केले आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीचे मुख्यालय मुंबईत असो वा दिल्लीत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. अर्थात पाचशे रुपयांसाठी कोणी आयोगात जाणार नाही. पण अनामत, वर्षभराचे आगाऊ पैसे आणि गेलेले दिवस एकत्र धरले तर रक्कम दुर्लक्ष करण्यासारखी राहत नाही, शिवाय गावातील चार-पाच ग्राहकांची तक्रार एकाच स्वरूपाची असेल तर एकत्रित नोटीसही देता येते.

भारतनेटकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नका. 2011 मध्ये मंजूर झालेल्या या योजनेने तार ग्रामपंचायतीपर्यंत आणली. तिथून घरापर्यंत जोडणी देणारा कोणीतरी असावा लागतो आणि पंचायतीतले यंत्र वीज असेल तरच चालते. ऑगस्ट 2023 मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात तारा वर्तुळाकार जोडण्याची तरतूद आहे, म्हणजे एका जागी तुटली तरी दुसऱ्या बाजूने सिग्नल येईल. आपल्या पंचायतीत ते काम कुठवर आले आहे, हा प्रश्न ग्रामसभेत लेखी विचारावा.

तोपर्यंत पर्याय म्हणून मोबाइल डेटा घेणार असाल, तर 28 दिवसांच्या रिचार्जचे वर्षाला तेरा रिचार्ज होतात हे लक्षात ठेवा. ट्रायच्या 2022 च्या आदेशानुसार प्रत्येक कंपनीने 30 दिवसांचा आणि दर महिन्याला त्याच तारखेला नूतनीकरण होणारा किमान एकेक प्लॅन ठेवायचा आहे. तो दुकानदार आपणहून सांगत नाही, मागावा लागतो. आणि फायबरवाल्याने ‘वर्षाचे एकदम भरा, दोन महिने फुकट’ असे सांगितले, तरी सध्याच्या सेवेवर मी ते पैसे भरणार नाही. महिन्या-महिन्याने भरलेत तर सोडून जाण्याची मोकळीक आपल्या हातात राहते.