गंगोत्रीचा बर्फ मोजायचाय? आधी गंगापूर धरणावर ट्राय कर
तुझे प्रश्न दोन, जानेवारीच्या सॅटेलाइट फोटोत गंगोत्री सगळी पांढरी आणि सप्टेंबरात निम्मीही नाही म्हणजे ग्लेशियर वितळलं का, आणि नाशिकमध्ये घरी बसून एमएस्सीचं प्रोजेक्ट होईल का. दुसऱ्याचं उत्तर हो, पहिल्याचं या दोन फोटोंवरून तरी नाही. जानेवारीतलं पांढरं म्हणजे बहुतेक त्या सीझनचा ताजा स्नो, तो उन्हाळ्यात जायचाच. ग्लेशियर बघायचं तर दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरचीच इमेज घे, नाहीतर तुलनेला काही अर्थ नाही.

ढग आणि बर्फ डोळ्याला सारखेच पांढरे, पण शॉर्टवेव्ह इन्फ्रारेडमध्ये (डोळ्याला न दिसणारा प्रकाश) बर्फ काळा पडतो आणि ढग बहुतेक उजळच राहतात. म्हणून सेंटिनेल-२ या युरोपियन सॅटेलाइटचा हिरवा बँड ३ (बँड म्हणजे प्रकाशाचा एक पट्टा) आणि शॉर्टवेव्ह इन्फ्रारेडचा बँड ११ घ्यायचा, दोघांची वजाबाकी भागिले बेरीज, हा झाला एनडीएसआय, म्हणजे बर्फ ओळखायचा इंडेक्स. ०.४ च्या वर गेला की साधारण बर्फ धरतात.

आता गंमत बघ. कोपर्निकस ब्राउझर ही सेंटिनेलच्या इमेज बघायची वेबसाइट फुकट आहे, त्यात हिवाळ्यातली स्वच्छ इमेज काढून हाच फॉर्म्युला नाशिकच्याच गंगापूर धरणावर लाव. धरण चक्क बर्फ म्हणून चमकेल! निफाडचा पारा कितीही उतरो, धरण काही गोठत नाही :) पाणीही तो बँड गिळून टाकतं, म्हणून आकडा वर जातो. मोडिस या नासाच्या सेन्सरच्या पद्धतीत यासाठीच जास्तीची अट होती, निअर इन्फ्रारेड प्रकाश ११ टक्क्यांच्या वर परावर्तित व्हायला हवा. ती घातली की स्वच्छ पाणी गळतं.

गोमुखाकडे, म्हणजे गंगोत्री ग्लेशियरच्या खालच्या टोकाला, उलटी गोची. तिथे ग्लेशियर दगडमातीने झाकलंय, इंडेक्सला तो नुसता डोंगर वाटतो. तिथली हद्द हातानेच काढावी लागेल, कंटाळवाणं आहे पण इलाज नाही.

आणि हे सगळं फक्त क्षेत्रफळ हं, जाडी नाही. ग्रेस ही सॅटेलाइटची जोडी (२०१७ पर्यंत, आता ग्रेस-एफओ) गुरुत्वाकर्षणावरून वजन काढते पण शेकडो किलोमीटरच्या पट्ट्याचं, एकट्या ग्लेशियरला त्याचा उपयोग नाही. २०१८ चं आइससॅट-२ हे नासाचं सॅटेलाइट लेझरने उंची मोजतं, तेही त्याच्या रेषेखाली येईल तेवढीच. त्यामुळे टायटलमध्ये 'बर्फाचं प्रमाण घटलं' वगैरे लिहू नकोस, व्हायवात तिथेच धरतील.

जुन्या वर्षांसाठी लँडसॅट ही अमेरिकन सॅटेलाइटची मालिका घे, पण १९७२ पासूनचं नाही, हा शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड बँड १९८२ च्या लँडसॅट-४ पासून आला. आणि मे २००३ नंतरच्या लँडसॅट-७ मध्ये काळे पट्टे दिसतील, स्कॅनरचा एक भाग बंद पडला होता, २०११ पर्यंतच्या त्या वर्षांना लँडसॅट-५ च बघ.