फोन ओढण्याआधी विचारा, कोणाबरोबर खेळतोस?

ताई, पत्र वाचलं. १२ वर्षांचा मुलगा, जूनमध्ये सांगलीहून पुण्याला आलात, तेव्हापासून शाळेतून आला की तीन-चार तास बीजीएमआय, म्हणजे फोनवर ऑनलाइन टीम करून खेळायचा तो लढाईचा गेम, परवा मिस्टरांनी फोन ओढून घेतला तर दार आपटून न जेवता झोपला, आणि सासूबाई म्हणतात पोराचा मेंदू कामातून गेला. खरंच तसं होतं का, हे तुम्ही विचारलंय.

नाही होत. २०२२ मध्ये अमेरिकेत ९-१० वर्षांच्या जवळपास २००० मुलांचा अभ्यास झाला, त्यात रोज तीन तास किंवा जास्त खेळणारी मुलं स्मरणशक्तीच्या आणि स्वतःला आवरण्याच्या टेस्टमध्ये न खेळणाऱ्यांपेक्षा थोडी पुढेच निघाली. हे गेममुळेच झालं असं संशोधक पण म्हणत नाहीत, पण मेंदू सडतो हे मनातून काढा. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत गेमिंग डिसऑर्डर आहे खरा, पण त्यात ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसूनही न थांबणं हे साधारण वर्षभर चाललेलं असावं लागतं.

मला काळजी वाटली ती तुम्ही जाता जाता लिहिलेल्या वाक्याची, की तो सांगलीच्या मित्रांबरोबरच खेळतो. अहो, नव्या शाळेत त्याचं अजून कोणीच नाहीये, हेडफोन लावून ज्यांच्याशी बोलतो तेवढीच त्याची माणसं, आणि मॅच चालू असताना फोन गेला की स्क्वॉडमधला, म्हणजे त्यांच्या टीममधला, एक गडी मधेच गायब, मग ती पोरं चिडणार, पुढच्या वेळी घेणार पण नाहीत. तो भडकला तो बहुतेक त्यासाठी.

म्हणून तासांवरून भांडू नका, मॅच ठरवा. एक मॅच साधारण अर्ध्या तासाची, तर जेवणाआधी किती हे त्याच्याशी बसून ठरवा आणि चालू मॅच संपू द्या. झोपेत मात्र अजिबात सूट नको, या वयाला ९ ते १२ तास लागतात आणि दिवसभर शिकलेलं पक्कं होतं ते झोपेतच, त्यामुळे रात्री सगळ्यांचे फोन हॉलमध्ये चार्जिंगला, मिस्टरांचा पण. दिवाळीत चार दिवस सांगलीला पाठवा त्याला, आणि इथे क्रिकेट खेळणारा एखादा मुलगा शोधून घरी बोलवा, हे मला सगळ्यात गरजेचं वाटतं.

तरीही तो शाळा टाळायला लागला, जेवण-झोप बिघडली, किंवा गेमही नको आणि काहीच नको असं म्हणायला लागला तर थांबू नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात, आधी तुम्ही एकट्या बोललात तरी चालतं.