कार्ड बिघडलेले नाही, तरीही सदोष

प्रश्न : मी स्वतंत्रपणे व्हिडिओ संकलनाचे काम करते, मदतीला एक सहायक आहे. नव्या संगणकासाठी टेपवरचे चित्रण एसडीआयने, म्हणजे व्यावसायिक व्हिडिओ उपकरणांच्या केबल जोडणीने, आत घेणारे आणि तयार काम मॉनिटरवर दाखवणारे कार्ड हवे होते. मी विक्रेत्याला संदेश पाठवला : ‘टेप एसडीआयने आत घ्यायच्या आहेत आणि फोर-के, सेकंदाला ५० फ्रेमचे काम ग्राहकाला मॉनिटरवर दाखवायचे आहे. कोणते कार्ड घेऊ?’ त्याने एका कार्डाचे नाव सुचवून ‘फोर-के पन्नासला आरामात चालेल’ असे कळवले. आठव्या दिवशी समजले, की फोर-केमध्ये हे कार्ड ३० फ्रेमच्या पुढे जातच नाही. शिवाय टेप आत घेताना मधूनच फ्रेम गळतात. मी त्याच दिवशी संदेशाने तक्रार केली. विक्रेता म्हणतो, की कार्डात बिघाड नाही, तुमच्या संगणकात कार्ड बसवायचा स्लॉटच बरोबर नाही, ५० फ्रेम हवे असतील तर ग्राफिक्स कार्डाच्या एचडीएमआयवरून दाखवा. आणि बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे छापलेले आहे. सहा आठवडे गेले, तोवर टेप याच कार्डावर घेत राहिले, एक काम हातचे गेले. पैसे परत मिळतील का?

उत्तर : आपल्या पत्रात दोन तक्रारी एकमेकींत गुंतल्या आहेत. त्या आधी सोडवून घ्याव्या लागतील, कारण त्यांतली एक भक्कम आहे आणि दुसरी, आज आहे त्या स्थितीत, पहिलीलाही घेऊन बुडेल.

दुसरीपासून सुरुवात करतो. फ्रेम गळण्याचे कारण कार्डातच असेल असे नाही. एचडी चित्रण अनकंप्रेस्ड (न दाबता), १० बिट, ४:२:२ (रंगाच्या तपशिलाचे प्रमाण) स्वरूपात सेकंदाला २५ फ्रेमने आत घेतले, तर डिस्कवर सेकंदाला सुमारे १४० मेगाबाइट लिहावे लागतात. फिरत्या तबकडीची एकच हार्ड डिस्क भरत आली की हा वेग टिकवू शकत नाही. स्लॉटचेही तसेच आहे. मदरबोर्डावर सोळा लेनच्या (डेटा वाहणाऱ्या मार्गिकांच्या) लांबीचा दिसणारा स्लॉट पुष्कळदा आतून चारच लेनचा असतो आणि कधीकधी त्या लेनही दुसऱ्या उपकरणाशी वाटून घेतलेल्या असतात. मदरबोर्डाच्या पुस्तिकेत हे लिहिलेले असते. विक्रेत्याचा वकील नेमके एवढेच दाखवून देईल आणि मग आपली संपूर्ण तक्रार ‘संगणक नीट जुळवला नाही’ या एका वाक्यात गुंडाळली जाईल. तेव्हा तेच कार्ड दुसऱ्या संगणकावर, वेगवान डिस्कवर तपासून फ्रेम गळतातच असे सिद्ध झाल्याखेरीज हा मुद्दा विक्रेत्याला पाठवायच्या नोटिशीत घालू नका.

पहिली तक्रार मात्र कोणत्याही स्लॉटने बदलणारी नाही. आपण पाठवलेल्या पुस्तिकेच्या छायाचित्रात कार्डाची बाहेर जाणारी जोडणी ६जी-एसडीआय अशी स्पष्ट दिली आहे. एका केबलवरून ६जी-एसडीआय फोर-के ३० फ्रेमपर्यंत नेते. ५० किंवा ६० फ्रेमसाठी १२जी-एसडीआय लागते. म्हणजे ‘फोर-के’ हा शब्द खरा होता, ‘पन्नास’ खोटा होता. विक्रेता म्हणतो तसा कार्डात बिघाड नाही हे मी लगेच मान्य करतो, आणि आपणही करावे. आपला दावा बिघाडाचा नाहीच.

दुकानाच्या भाषेत दोष म्हणजे बंद पडलेला माल. कायद्याच्या भाषेत तसे नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(१०) मधील ‘दोष’ या शब्दाच्या व्याख्येत, कराराने अपेक्षित असलेला किंवा व्यापाऱ्याने कोणत्याही प्रकारे दावा केलेला दर्जा मालात नसणे, हेही येते. ‘पन्नासला आरामात चालेल’ हा असाच दावा आहे. ग्राहक आयोगाला एरवी दोष ठरवण्यासाठी माल प्रयोगशाळेत पाठवावा लागू शकतो. येथे संदेश आणि पुस्तिकेचे पान शेजारी ठेवले की पुरे.

मालविक्री अधिनियम, १९३० चे कलम १६ हा आपला दुसरा आधार आहे. माल कशासाठी हवा हे विकत घेणाऱ्याने सांगितले असेल, विक्रेत्याच्या जाणकारीवर तो विसंबला असेल आणि तसा माल विकणे हाच विक्रेत्याचा धंदा असेल, तर माल त्या कामास योग्य असेल ही अट करारात न लिहिताही धरली जाते. याच कलमाला एक अपवाद आहे आणि विक्रेता त्याचा आडोसा घेईल : विशिष्ट वस्तू तिच्या व्यापारी नावाने मागितली, तर ही अट लागू होत नाही. बिलावर कार्डाचे नाव व मॉडेल आहे, म्हणून आपण ते नावानेच मागितले, असे तो म्हणेल. परंतु आपण नाव मागितले नव्हते, काम सांगितले होते. नाव त्याच्याकडून आले. इंग्लंडमध्ये १९२० च्या दशकात एका गृहस्थाने प्रवासाला आरामशीर मोटार हवी असे सांगितल्यावर विक्रेत्यांनी त्याला बुगाटी सुचवली. ती तशी निघाली नाही. करारात नाव बुगाटीचेच असूनही न्यायालयाने पैसे परत देवविले, आणि हमी नाकारणारे छापील कलमही विक्रेत्यांच्या कामी आले नाही. हा निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण आपले कलम १६ त्याच इंग्रजी कायद्याच्या साच्यातले असल्याने तो वाचला जातो.

बिलावरच्या छापील ओळीला म्हणूनच फार घाबरू नका. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, किंवा मुदत दिली नसल्यास ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे.

आपण ‘ग्राहक’ आहात का, यावर वाद होईल. व्यावसायिक प्रयोजनासाठी माल घेणारा ग्राहक नसतो; मात्र स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठीच घेतलेला आणि स्वतः वापरलेला माल कलम २(७) च्या स्पष्टीकरणाने ‘व्यावसायिक प्रयोजना’तून वगळला आहे. एकदोन माणसांची मदत घेतल्याने हा हक्क जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या प्रकरणात १९९५ मध्ये म्हटले आहे. तक्रारीत ‘माझा स्टुडिओ’, ‘आमची संस्था’ असे शब्द टाळावेत, आणि संगणकावर आपण स्वतः बसता हे पहिल्याच परिच्छेदात लिहावे.

आता जरा अप्रिय बोलतो. आठव्या दिवशी तक्रार केलीत हे उत्तम झाले, पण त्यानंतरही त्याच कार्डावर टेप घेत राहिलात. नाकारलेला माल वापरत राहणे हे मालविक्री अधिनियमाच्या कलम ४२ खाली स्वीकार ठरू शकते, आणि माल स्वीकारला की तो परत करण्याचा हक्क जाऊन केवळ नुकसानभरपाई उरते. म्हणून कार्ड आजच काढा, मूळ स्थिरविद्युतरोधक पिशवीत ठेवा, अनुक्रमांकासह छायाचित्र घ्या आणि ‘माल नाकारला आहे, घेऊन जावा’ असे लेखी कळवा. पोहोचते करण्याची जबाबदारी कलम ४३ प्रमाणे आपली नाही.

ग्राफिक्स कार्डाचा पर्याय समतुल्य नाही, हे नोटिशीत दोन ओळींत सांगावे. ग्राफिक्स कार्डातून निघणारे चित्र ऑपरेटिंग सिस्टिमच्या रंगव्यवस्थेतून आणि डेस्कटॉपच्या रिफ्रेश दरातून जाते. स्वतंत्र कार्ड संकलनाच्या सॉफ्टवेअरकडून आलेली फ्रेम तिच्याच वेगाने आणि रंगमूल्यांनी थेट मॉनिटरला देते. ग्राहकाची मंजुरी ज्या चित्रावर घ्यायची, तेथे हा फरक नाममात्र नसतो.

हातचे गेलेल्या कामाची भरपाई मागता येईल, पण फार आशा ठेवू नये. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७३ प्रमाणे करारभंगातून नेहमीच्या ओघात साहजिकपणे होणारे, किंवा होण्याचा संभव करार करताना उभय पक्षांना ठाऊक असलेले, एवढ्याच नुकसानीची भरपाई मिळते. ग्राहकाला काम दाखवायचे आहे हे विक्रेत्याला माहीत होते; ते विशिष्ट काम, त्याची तारीख त्याला माहीत नव्हती. ही मागणी वेगळ्या परिच्छेदात ठेवा, म्हणजे ती फेटाळली तरी किंमत परत मिळण्याला धक्का लागणार नाही.

संदेश ज्या फोनवर आहेत तो बदलू नका, संभाषण पुसू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे लागेल. नोटिशीला १५ दिवस द्या. तक्रार आपण राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.

नोटीस गेल्यावर विक्रेता बहुधा कार्ड बदलून देऊ करील. ते घेण्यास हरकत नाही, मात्र नव्या बिलावर मॉडेलच्या नावाखाली ‘एका १२जी-एसडीआय केबलवर फोर-के ५० फ्रेम, टेप डेकच्या नियंत्रणासाठी आरएस-४२२ जोडणी’ एवढे, आणि आपल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती, लिहून घ्या. ते कार्ड आपल्या स्वतःच्या संगणकावर पन्नास फ्रेमचे काम मॉनिटरवर दाखवीपर्यंत तक्रार मिटल्याच्या कागदावर सही करू नका.