युकुलेलेसाठी एफडी मोडू नका, लाकूड बदला

नमस्कार ताई,

तुम्ही कळवलेले आकडे आधी मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही हिशेब लागेल. तुम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहता, अंबडच्या कंपनीत अकाउंट्स पाहता, यजमान सातपूरला नोकरीला. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १,१२,०००. घरकर्जाचा हप्ता ३१,५००, घरखर्च ४५,०००, एसआयपी १५,०००. अडीअडचणीसाठी एफडीत ३,२०,०००. मुलगी दहावीत आहे, पुढच्या जूनमध्ये तिच्या अकरावीच्या क्लासची १,१०,००० फी भरायची आहे आणि त्याची तरतूद अजून झालेली नाही. चार वर्षं तुम्ही प्लायवूडची, कॉन्सर्ट आकाराची युकुलेले (गिटारसारखं छोटं, चार तारांचं वाद्य) वाजवताय. आता कोकणातल्या एका कारागिराकडून त्याहून मोठ्या टेनर आकाराची, हाताने बनवलेली हवी आहे. पूर्ण कोआ या हवाईतल्या लाकडाची १,२५,०००, आंब्याच्या लाकडाची ६८,०००. थांबायचं आठ महिने, ४० टक्के आगाऊ. एफडी मोडू की कार्डावर हप्ते करू, असं विचारलंय.

दोन्ही नको. पण युकुलेले जरूर घ्या. आंब्याची घ्या आणि दिवाळीला मागवा.

कोआच्या बाजूने तुम्ही एक कारण लिहिलंय, ते आधी बाजूला काढू: ‘कोआची किंमत वाढतच जाते, म्हणजे ही गुंतवणूकच.’ नाही. एकाच माणसाच्या हाताच्या मापाने बनवलेलं वाद्य विकायला काढलं की गिऱ्हाईक शोधावं लागतं, आणि नाशिकमध्ये टेनर युकुलेलेसाठी लाखभर मोजणारं गिऱ्हाईक सहज सापडणार नाही. त्यातून फिंगरबोर्डवर (बोटांनी तारा दाबायच्या पट्टीवर) तुमच्या नावाची शिंपल्यांची नक्षी केलीत, तर आणखी कठीण. हा खर्च आहे. चांगला खर्च आहे, रोज हातात घेतली जाणारी वस्तू आहे, पण पैसे गेले असं धरूनच तो करायचा. आवडीच्या खर्चाला गुंतवणुकीचं नाव दिलं की माणूस ऐपतीपेक्षा मोठा आकडा मान्य करतो. हे मी सोन्याच्या बाबतीत सराफ बाजारात जाणाऱ्या कितीतरी घरांत पाहतो.

आता लाकूड. इथे थोडा वेळ घालवू, कारण ५७,००० रुपयांचा फरक इथेच आहे.

कोआ फक्त हवाई बेटांवर उगवतं. आपल्या बाभळीच्या नात्यातलं झाड. १८७९ मध्ये मदेरा बेटावरून ‘रेव्हन्सक्रॅग’ जहाजाने होनोलुलूला पोचलेल्या पोर्तुगीज लोकांसोबत एक छोटं तंतुवाद्य गेलं, तिथल्या सुतारांनी ते हाताशी असलेल्या कोआत घडवलं आणि त्यातून युकुलेले झाली. म्हणजे कोआ निवडलं गेलं ते मुळात जवळ होतं म्हणून. आज त्याची किंमत चढते ती दुर्मिळतेमुळे आणि लाटांसारख्या चमकणाऱ्या रेषांमुळे. त्या रेषा डोळ्यांना सुंदर दिसतात. आवाजात त्यांचा वाटा फारसा नाही.

आवाज मुख्यतः ठरतो वरच्या फळीवर, सतारवाले जिला तबली म्हणतात. युकुलेलेला नायलॉनच्या चारच तारा, ताण कमी, म्हणून ही फळी हलकी आणि पातळ लागते, साधारण दोन मिलिमीटर. ती किती पातळ करायची आणि आतून पट्ट्या कशा लावायच्या, हे कारागिराच्या हातात. पैसे द्यायचे ते या हाताला. बाजू आणि पाठ यांचा परिणाम त्यामानाने कमी. आंब्याचं लाकूड कमअस्सल समजू नका. हवाईतले कारागीरही आंब्याच्या युकुलेले बनवतात. आपल्याकडे वीणा फणसाच्या लाकडाची होते, सतार-तंबोरे तुणीचे होतात, आणि मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जवळचं लाकूड नीट वाळवून वाद्य करणं ही आपली जुनी रीत आहे.

आवाज जास्त मोकळा, लांब जाणारा हवा असेल तर शरीर आंब्याचं आणि वरची फळी स्प्रूसची, असा भाव विचारा. मऊ, उबदार हवा असेल तर सीडर. तुम्ही एकटीने जुनी गाणी गुणगुणत वाजवता, त्याला वरची फळीही आंब्याची चालेल असं मला वाटतं. फिंगरबोर्ड शिसवीचा घ्या. भारतीय शिसव जगभरचे गिटार बनवणारे वापरतात, पण २०१७ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराच्या कराराचं नियंत्रण आहे, म्हणून लाकूड कुठून आणलं ते बिलात येऊ द्या.

डाव्या हाताची बोटं तारांमध्ये अडकतात, असं तुम्ही लिहिलंय. बनवून घेण्याचा खरा फायदा तिथे आहे. नटची, म्हणजे मानेच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीची, रुंदी साधारणपणे ३५ ते ३८ मिलिमीटर असते. तुमच्या बोटांना कोणती जमते ते आधी मोजून घ्या. तुम्ही टेनर कधी वाजवलेली नाही, हे मला खटकतं. टेनरमध्ये तारेची लांबी कॉन्सर्टपेक्षा साधारण दोन इंच जास्त, बोटं तेवढी लांब ताणावी लागतात. मुंबई किंवा पुण्याच्या दुकानात अर्धा दिवस बसून वाजवून या. तिथे तयार, अस्सल लाकडाची टेनर निम्म्या किमतीत मिळाली आणि हाताला बसली, तर कारागिराला निरोप द्यायला संकोच करू नका.

आता तुमचा हिशेब. अडीअडचणीसाठी सहा महिन्यांचा खर्च हाताशी हवा. घरखर्च आणि हप्ता मिळून महिन्याला ७६,५००, म्हणजे सहा महिन्यांचे ४,५९,०००. एफडी आधीच त्यापेक्षा १,३९,००० ने कमी आहे. तिला हात लावायचा नाही. कार्डावर हप्ते केलेत तर १३ ते १६ टक्क्यांच्या आसपास व्याज आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी.

कागदावर तुमचे महिन्याला २०,५०० उरतात. दिवाळीचा तुमचा बोनस ६०,०००. आंब्याच्या युकुलेलेचा अ‍ॅडव्हान्स २७,२०० त्यातून द्या, उरलेले ३२,८०० एफडीत टाका. बाकी ४०,८०० आणि हार्ड केस-कुरिअरचे ७,२०० धरून ४८,०००, म्हणजे आठ महिने ६,००० ची आरडी. मग उरतात महिन्याला १४,५००. आठ महिन्यांत १,१६,०००. लेकीची फी निघाली. कोआ घेतलीत तर आरडी १०,२७५ ची होते, फीसाठी आठ महिन्यांत ८१,८०० जमतात आणि जूनमध्ये २८,२०० कमी पडतात. ते शेवटी एफडीतूनच जाणार.

पण तुम्हीच लिहिलंय की महिनाअखेरीस खात्यात एवढं उरलेलं दिसत नाही. म्हणून ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये पगाराच्या दुसऱ्या दिवशी २०,५०० दुसऱ्या खात्यात वळवा आणि हात लावू नका. दोन्ही महिने पैसे टिकले तर ते ४१,००० एफडीत भरा आणि ऑर्डर द्या. टिकले नाहीत तर युकुलेले एक वर्ष पुढे. यजमानांना अजून सांगितलेलं नाही, असं म्हणता. हे दोन महिने सुरू करण्याआधी त्यांच्यासोबत हा हिशेब मांडा, कारण घरखर्चाचा ४५,००० चा आकडा दोघांनी पाळायचा आहे.

एक गोष्ट नाशिककर म्हणून. कोकणच्या दमट हवेत बनलेलं वाद्य आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या झळांमध्ये आलं की लाकूड आकसतं, फळीला चीर जाते, फ्रेटची (फिंगरबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोकं बाहेर येतात. प्लायवूड हे सोसतं, अस्सल लाकूड नाही. कारागिराला विचारा, वाद्य जोडताना खोलीतली आर्द्रता किती ठेवता? ४५ ते ५५ टक्के असं उत्तर आलं तर बरं. तुमच्याकडे काही शे रुपयांचा आर्द्रतामापक केसमध्ये ठेवा, उन्हाळ्यात ओलावा देणारी पुडी घाला, भिंतीवर टांगू नका.

अ‍ॅडव्हान्स पाठवण्याआधी कारागिराकडून एवढं लेखी घ्या: भावात जीएसटी धरला आहे का, तुमच्यासाठी काढलेल्या फळ्यांचे फोटो, आठ महिने उलटले तर अ‍ॅडव्हान्स परत मिळेल का, प्रवासात मोडतोड झाली तर जबाबदारी कुणाची, आणि पहिल्या उन्हाळ्यात चीर गेली तर दुरुस्ती कोणाच्या खर्चाने. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर टाळलं, तर दुसरा कारागीर पाहा.