खडा उलटा करून बघ

नौपाडा, ठाणे

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

वाशीत दागिन्यांचं छोटं काउंटर टाकतेयस आणि पहिला माल त्रिकोणी, षट्कोनी, लांबट बॅगेट क्रिस्टलचाच ठेवायचा म्हणतेस, हे ऐकून फार बरं वाटलं. ऑफिसला जाणाऱ्या बायकांना असा रेखीव दागिना आवडतो. कुर्त्यावर चालतो, इरकलीवरही खुलतो. पण निवडायला तो नक्षीच्या दागिन्यापेक्षा अवघड. फुलापानांत एखादी पाकळी वाकडी असली तर खपून जाते. त्रिकोणाची एक कड ढळली की बघणाऱ्याची नजर नेमकी तिथेच जाते.

म्हणून माल घेताना आधी नग उलटा कर. खडा नुसता गोंदाने चिकटवलाय की धातूच्या छोट्या पंजांनी धरलाय, पंजे सारख्या उंचीचे आहेत का, कोंदण आणि खडा यांत फट आहे का, हे मागून आणि कडेने कळतं. टोकदार कोपऱ्यांकडे नीट बघ. काचेचा टवका पहिल्यांदा तिथूनच उडतो, म्हणून त्या टोकावर व्ही आकाराचा पंजा असलेला बरा. एमराल्ड कटमध्ये, म्हणजे पायऱ्यांसारखे पैलू पाडलेल्या चौकोनी खड्यात, कोपरे छाटलेले असतात तेही याच कारणासाठी. पुष्कळ काचेच्या खड्यांना चमक यावी म्हणून पाठीला चंदेरी मुलामा दिलेला असतो. आपल्याकडच्या दमट हवेत घाम, पाणी, परफ्यूम फटीतून आत शिरलं की तो काळा पडतो आणि खडा मरतो. असे खडे मागून बंद कोंदणातलेच घे.

कानातल्यांवर सगळ्यात जास्त वेळ घालव. गोल कुडी कानात फिरली तरी कुणाला कळत नाही. चौकोन जरा फिरला की शंकरपाळ्यासारखा दिसतो, आणि दोन कानांत दोन तऱ्हा. कानात जाणारी दांडी बरोबर मधोमध जोडलेली असेल तर असं होणारच. ती मध्याच्या थोडी वर असली की खालचं वजन जास्त होतं आणि टॉप आपसूक सरळ राहतो. दांडी दोन बोटांत सैल धरून नग वाकडा कर नि सोड. सरळ झाला तर घे. जोडीतले दोन्ही नग शेजारी ठेवून पैलूंच्या रेषाही जुळवून बघ. पेंडंटचंही तसंच. एकाच कडीत अडकवलेला आडवा बार गळ्यात गरगर फिरतो. दोन्ही टोकांना साखळी जोडलेला जागेवर बसतो.

मग जुनी शिफॉनची ओढणी घे आणि प्रत्येक नगावरून ओढ. धागा अडकला की तो नग बाजूला. तुझ्या गिऱ्हाईक बायका ठाणे-वाशी लोकलच्या गर्दीतून येणार-जाणार. ओढणी फाटली तर त्या पुन्हा तुझ्याकडे येणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच असेल.

आता खड्याबद्दल. क्रिस्टल म्हणून येणारा बहुतेक माल पैलू पाडलेल्या काचेचा असतो. त्यात कमीपणा काही नाही. डॅनिएल स्वारोव्स्की यांनी १८९२ मध्ये काच कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि १८९५ मध्ये ऑस्ट्रियातल्या वॅटन्सला कारखाना काढला. यंत्रावर सारखे, धारदार पैलू पडू लागले म्हणून तर काचेला ही झळाळी आली. पण खरा स्फटिक, म्हणजे जमिनीतून निघणारा क्वार्ट्झ, वेगळा आणि सीझेड, म्हणजे हिऱ्यासारखा दिसणारा कृत्रिम क्यूबिक झिर्कोनिया, वेगळा, आणि बिलावर जे असेल तेच लिही. कठीणपणा मोजायच्या मोहस मापावर काच साधारण साडेपाच, स्फटिक ७, सीझेड ८ च्या पुढे. धुळीत स्फटिकाचे बारीक कण असतातच, त्यामुळे काचेचा खडा कोरडा घासून पुसला की ओरखडे उठतात. गिऱ्हाइकाला सांग, आधी फुंकर, मग मऊ कापड. सीझेड त्याच आकाराच्या स्फटिकाच्या दुपटीहून जड असतो, तेव्हा लांब लोंबत्या कानातल्यांत मोठे सीझेड घेऊ नकोस. कानाची पाळी ओघळते आणि बाईला ते संध्याकाळपर्यंत सोसवत नाही.

शेवटचं, दांडीचा धातू. स्वस्त मालात निकेल असतं. घाम आला की कान खाजतात, चिघळतात. दांडी साडेब्याण्णव टक्के चांदीची, टायटॅनियमची किंवा चांगल्या स्टीलची असू दे, भले नगामागे थोडे पैसे जास्त जावोत. पुरवठादार नुसता ‘निकेल-फ्री’ म्हणाला तर त्याच्याकडून बिलावर लिहून घे. तो लिहायला कां कूं करायला लागला तर ऑर्डर देऊ नकोस, मग डिझाइन कितीही मनात भरलेलं असो.

नमुने आले की रविवारी घेऊन ये. खिडकीशी उजेडात बसून दोघी एकेक नग बघू.

तुझी,
काकू