शुश्रूषा करणाऱ्याची झोप

प्रश्न : पक्षाघातानंतर सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत. रात्री दर २ तासांनी त्यांची कूस बदलावी लागते. अपुऱ्या झोपेमुळे माझी चिडचिड होते आणि नंतर अपराधी वाटते. काय करावे?

उत्तर : ताई, सतत झोपमोड झाल्यावर कोणाचीही चिडचिड होईल, तो आपला स्वभावदोष नव्हे, म्हणून प्रथम झोपेचीच सोय लावली पाहिजे. आठवड्यातील काही रात्री आपल्या यजमानांनी सांभाळाव्यात, असे त्यांना स्पष्ट सांगा आणि त्यात मुळीच संकोच बाळगू नका, कारण आईची सेवा ही एकट्या सुनेची जबाबदारी नाही. एकाच जागी दाब पडून अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून वापरली जाणारी हवेची गादी भाड्यानेही मिळते. ती वापरल्यास कूस बदलण्यातील अंतर वाढवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा, परंतु स्वतःच्या मनाने ते वाढवू नका. रुग्णाला सरकवताना अंगाखालच्या दुमडलेल्या चादरीने दोघांनी मिळून उचलल्यास आपल्या कंबरेवरील ताण आणि त्यांच्या त्वचेचे घर्षण, दोन्ही कमी होतात. दुपारी त्यांचा डोळा लागला की घरकाम बाजूला ठेवून आपणही आडव्या व्हा. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलि-मानस या मानसिक आरोग्यविषयक दूरध्वनी सेवेशी १४४१६ या क्रमांकावर मराठीतून, विनामूल्य, दिवसरात्र केव्हाही बोलता येते.